हातातला खेळ, टेबलावरचा संगणक

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



बाप्पांपुढच्या या व्यासपीठावर संतसाहित्य, इतिहास आणि संगीत यांवर मोठमोठ्या माणसांची व्याख्याने झाली आहेत. तिथे उभे राहून खेळण्याच्या यंत्रावर बोलायचे म्हणजे जरा धीटपणाच. पण कार्यकारिणीचा आग्रह होता. आम्ही म्हणजे रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात बसून सभासदांच्या संगणकाच्या अडचणी पाहणारे तिघे. बोलणारा एक असला तरी मजकूर तिघांनी मिळून केला आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. त्यात दुसरा काही थाट नाही.

गेल्या वर्षभरात आमच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या घरांतून आला. घरातला जुना टॉवर म्हातारा झालेला असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार थांबवल्यापासून नवा संगणक घ्यावा हा विषय प्रत्येक घरी निघालाच आहे. त्याच वेळी अकरावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘‘नवा कॉम्प्युटर नको. हातात धरायचा गेमिंगचा आहे ना, तो घेऊ या. टेबलावर ठेवला की तोच कॉम्प्युटर.’’ आईवडिलांना हा शुद्ध बनाव वाटतो. मग रविवारी आमच्यासमोर प्रश्न येतो, ‘‘हे सत्तर हजारांचं खेळणं आहे की कॉम्प्युटर, एवढंच सांगा.’’

एवढेच सांगायला आम्हाला पाच महिने लागले, कारण आधी वापरून पाहायचे ठरवले. आमच्यातल्या एकाकडे अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेले स्टीम डेक नावाचे यंत्र होते. होळीनंतर ते मंडळाच्या कार्यालयात ठेवले आणि सभासदांची यादी, वर्गणीचा हिशोब, पत्रव्यवहार आणि स्मरणिकेची मुद्रिते तपासणे ही कामे त्यावरच केली.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचे हे यंत्र फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागले. मधे सात इंची पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणे नि अंगठ्याने हलवायच्या छोट्या दांड्या. वजन ६६९ ग्रॅम. आत एएमडीचा चार कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या टॉवरमध्ये अजून चार किंवा आठ जीबी रॅम आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे ताकदीच्या बाबतीत हे खेळणे घरच्या संगणकाचा थोरला भाऊ शोभते. याच जातीची दुसरी यंत्रेही आहेत. असूसचा आरओजी ॲलाय जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. त्यात विंडोज ११ असते. सत्तर हजारांचा आकडा घराघरांत पोचला तो बहुधा तिथूनच.

ज्येष्ठांना वाटेल की खेळ आणि संगणक एका पेटीत हे आजचे खूळ आहे. तसे नाही. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने इंग्लंडच्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाची परवान्याने बनवलेली आवृत्ती आपल्याकडे आणली. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि आज्ञावली कॅसेटवरून भरायची. मुले त्यावर खेळ खेळत आणि त्याच कळफलकावर बेसिक भाषेत आपले कार्यक्रम लिहीत. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, त्यातल्या काहींना टायपिंग शिकायचा कळफलक असे. आईवडिलांनी तो अभ्यासाचा म्हणून घेतला आणि मुलांनी खेळाचा म्हणून, हे इथल्या चाळिशीतल्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा आजच्या मुलांची युक्ती त्यांना वारशानेच मिळाली आहे.

मग प्रत्येक खेळाचे यंत्र संगणक का होत नाही? निन्टेन्डोचा स्विच २०१७ पासून आहे. तोही टीव्हीला जोडता येतो, पण त्यात हिशोबाचे पत्रक उघडत नाही. अडचण ताकदीची नसते, कंपनीने घातलेल्या कुलपाची असते. सोनीच्या प्लेस्टेशन ३ची गोष्ट यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००६ मध्ये ते आले तेव्हा त्यात लिनक्स घालायची मुभा होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने अशी सुमारे १,७६० यंत्रे जोडून २०१० मध्ये एक महासंगणक उभा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीने एका अपडेटने घरोघरच्या यंत्रांतली ती मुभा काढून घेतली. यंत्र तेच, ताकद तीच, फक्त दार बंद झाले. म्हणून आमचा पहिला सल्ला असा की यंत्र किती जलद आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, यात आपल्या मर्जीचे सॉफ्टवेअर घालता येते का? स्टीम डेक आणि ॲलाय या दोन्हींना याचे उत्तर ‘हो’ आहे.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. स्टीम डेकचे पॉवरचे बटण दाबून धरले की यादी येते. त्यातला ‘डेस्कटॉप’ निवडला की खेळांचा पडदा जातो आणि ओळखीचा संगणकाचा पडदा येतो. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, खिडक्या उघडतात-मिटतात. मागे लिनक्स आहे, पण विंडोजची सवय असलेल्या आमच्या खजिनदारांना पहिल्या दिवशी कोणी हे सांगितले नाही आणि त्यांचे काही अडलेही नाही.

सात इंचांवर मराठी मजकूर तासभर वाचणे डोळ्यांना छळ आहे. म्हणून यंत्राच्या यूएसबी-सी खाचेत एक हब लावला. दोन-तीन हजारांत मिळतो. हबला जुना मॉनिटर, कळफलक, माऊस, इंटरनेटची तार आणि चार्जर जोडला. म्हणजे जुन्या संगणकाचे धड गेले. डोळे आणि हात तेच राहिले. यंत्राला कॅमेरा नाही, त्यामुळे परगावच्या सभासदांबरोबरच्या व्हिडिओ सभेसाठी तो वेगळा लावावा लागला. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, पीडीएफ वाचायचे सॉफ्टवेअर हे सगळे आतल्या ‘डिस्कव्हर’ नावाच्या दुकानातून फुकट मिळाले. ब्राउझर, हिशोबाचे पत्रक आणि व्हिडिओ सभा एकाच वेळी चालू असताना यंत्र कधी अडखळले नाही.

दोन फायदे आम्ही मोजले नव्हते, ते आपोआप मिळाले. पहिला विजेचा. याचा चार्जरच ४५ वॅटचा असतो, म्हणजे त्याहून जास्त वीज यंत्रापर्यंत पोचतच नाही. दुसरा फायदा वीज गेल्यावर कळला. मॉनिटर काळा पडला, पण आत बॅटरी असल्यामुळे यंत्र चालू राहिले आणि काम त्याच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर आले. अर्धवट लिहिलेले पत्र जसेच्या तसे. वेगळा यूपीएस लागला नाही.

मराठी टायपिंगचे काय, हे इथे सगळ्यांना विचारायचे असणार. सेटिंगमध्ये जाऊन कळफलकात भारतीय भाषांची इनस्क्रिप्ट मांडणी जोडली की मराठी सुरू होते. आपल्यासारख्या बडोदेकरांसाठी इनस्क्रिप्टची एक खुबी सांगण्यासारखी आहे. मराठीचा ‘क’ ज्या कळीवर असतो त्याच कळीवर गुजरातीचा ‘क’ असतो. सोसायटीची नोटीस गुजरातीत आणि मंडळाचे पत्र मराठीत, बोटांना एकच वळण पुरते. फॉन्ट मात्र मराठीसाठी घडवलेला घ्या. नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात आणि आमचे मुद्रितशोधक काका लाल शाई काढतात. अडचण आली ती मंडळाच्या जुन्या फायलींची. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या स्मरणिका या यंत्रावर निव्वळ खिचडी दिसतात. त्या कोणत्याही नव्या संगणकावर तशाच दिसतील, तेव्हा त्या युनिकोडमध्ये आणायचे काम वेगळे हाती घ्यायला हवे.

जे जमत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. टॅली विंडोजसाठी आहे. सनदी लेखापाल वापरतात त्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनांची तजवीज बहुतेक विंडोजसाठीच असते. अभियांत्रिकीची ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर लिनक्ससाठी नाहीत. देखरेखीखाली घरून द्यायच्या परीक्षांचे सॉफ्टवेअरही बहुधा विंडोज किंवा मॅकच मागते. अशा घरात स्टीम डेक आहे तसा चालणार नाही. त्यावर विंडोज घालता येते, पण ते हौशी माणसाचे काम. त्यापेक्षा मुळात विंडोज असलेले यंत्र बरे. प्रिंटरही आधी जुळतो का पाहावा. आम्ही सरळ पीडीएफ करून फोनवरून छापायला पाठवतो.

आणखी दोन गोष्टी आपल्या हवेच्या. कंपनीने स्टीम डेकसाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितले आहे. बडोद्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. पंखा असलेल्या खोलीत, मोकळ्या जागी, मागची हवेची जाळी झाकली जाणार नाही असे ते उभे ठेवावे. कपाटात किंवा भरतकामाच्या रुमालावर ठेवू नये. शिवाय बॅटरी दिवसरात्र पूर्ण भरलेली ठेवली तर लवकर थकते. नव्या स्टीमओएसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, ती चालू करावी. आणि हे यंत्र कंपनी आजवर भारतात अधिकृतपणे विकत नाही. परदेशातून आलेल्या यंत्राला इथे हमी नाही, बिघडले तर खर्च आपला, हा हिशोब आधीच किमतीत धरावा.

इथपर्यंतचे ऐकून मुले म्हणतील, ‘‘बघा, आम्ही सांगत होतो.’’ कामापुरते पाहिले तर मुलांचे म्हणणे बरोबर आहे. लिहिणे, वाचणे, हिशोब, ब्राउझर, प्रोग्रॅमिंग शिकणे यांसाठी हे यंत्र पुरून उरते. पण पाच महिन्यांत आम्हाला एक गोष्ट दिसली, जी कोणत्याही माहितीपत्रकात नाही, आणि खरे म्हणजे तेवढ्यासाठीच आज इथे उभे आहोत.

टॉवर घरात असतो तेव्हा तो घराचा असतो. टीव्ही, फ्रिज, देवघरासारखा. त्यावर आईच्या शिकवणीचे हिशोब असतात, बाबांच्या विम्याचे कागद असतात, आजोबांनी एका बोटाने टाइप केलेल्या आठवणी असतात. जड असल्यामुळे तो कोणी उचलून नेत नाही. हातातले यंत्र मात्र ज्याच्या हातात असते त्याचे होते. कार्यालयातही हेच झाले. यंत्राचा मालक चार दिवस गावी गेला, जाताना सवयीने ते पिशवीत टाकले, आणि मंडळाचा संगणकच गावी गेला. वर्गणीची यादीही त्याबरोबर गेली. घरात हे किती मोठे होईल याचा विचार करा. बारावीनंतर मुलगा शिकायला पुण्याला किंवा बंगळूरला जाईल. यंत्र त्याच्याबरोबर जाणार, जायलाच हवे, कारण त्यावर त्याचा अभ्यास आहे. मग मागे टेबलावर एक मॉनिटर, एक कळफलक आणि त्यांना जोडायला काहीच नाही, अशी स्थिती होते. आई बिचारी म्हणणार, ‘‘असू दे, मी फोनवर भागवते.’’ आपल्या घरांत संगणकावरचा हक्क बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी असाच गुपचूप सोडलेला आम्ही रविवारी पुष्कळदा पाहतो.

यंत्राची रचनाही याला हातभार लावते. स्टीम डेकवर खेळणाऱ्यांची खाती वेगवेगळी करता येतात, पण डेस्कटॉपवर सगळ्यांचे मिळून एकच खाते असते. आजोबांची फाइल आणि नातवाचे खेळ एकाच कपाटात.

महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यात फिरती ग्रंथालये होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात. पेटी छोटी होती, हलती होती, तरी ती कोणा एकाची नव्हती. ज्या गावी उतरे त्या सगळ्या गावाची होती. छोटे आणि हलते यंत्रही साऱ्या घराचे राहू शकते, पण ते आपोआप राहत नाही. तशी व्यवस्था लावावी लागते. तिथे महाराजांनी लावली, घरात आपल्याला लावायची आहे.

म्हणून घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाच गोष्टी ठरवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, घरातला प्रत्येक जण संगणकावर कोणकोणती कामे करतो त्याची यादी करा. मुलाने नव्हे, प्रत्येकाने. यादीत एक जरी विंडोजचे काम असेल तर निवड तिथेच ठरते.

दुसरी, टेबल मोडू नका. मॉनिटर, कळफलक, माऊस आणि हब यांची जागा कायम ठेवा. यंत्र घरी आले की पहिले तिथे जोडले जाईल.

तिसरी, घराची कागदपत्रे यंत्रात ठेवू नका. त्यांच्यासाठी वेगळी यूएसबी डिस्क घ्या, ती हबला लावलेली असू द्या. यंत्र बाहेर गेले तरी डिस्क घरातच राहील. तिची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. ब्राउझरमध्ये प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे करा, म्हणजे कोणाचे पत्र कोणी उघडत नाही.

चौथी, खेळाची वेळ ठरवा. स्टीमवर कुटुंबाचा गट करून मुलांच्या खेळाच्या वेळेवर मर्यादा घालता येते. पण मर्यादा मुलाला सांगून घाला. लपून घातलेले कुलूप उघडायला शिकणे हाच मग त्याचा आवडता खेळ होतो.

पाचवी, यंत्र घराबाहेर जाईल तेव्हा काय, याचे उत्तर आजच लिहून ठेवा. मुलगा शिकायला गेला की घरासाठी एक साधा, दुरुस्त केलेला ऑफिसचा जुना संगणक घ्यायचा, असे ठरले तरी चालेल. असा संगणक वीस हजारांच्या आत मिळतो. पण तो खर्च आज हिशोबात धरा. तो धरल्यावरही पटत असेल, तर खुशाल घ्या. पटत नसेल, तर आधी घराचा संगणक आणि खेळाचे यंत्र मुलाने पुढेमागे स्वतःच्या कमाईतून घ्यावे, यात अन्याय काही नाही.

कार्यालयापुरता आम्ही निर्णय घेतला आहे. मंडळाचे टेबल, मॉनिटर आणि डिस्क मंडळाची. यंत्र कोणाचेही असो. वर्गणीची यादी आता डिस्कवर आहे आणि डिस्कची किल्ली कार्यवाहांकडे. आमच्या मित्राने यंत्र गावी नेले, तरी कोणाचे काम अडत नाही. पुढच्या वर्षी मंडळ स्वतःचा छोटा संगणक घेईल, तेव्हाही ही मांडणी तशीच राहील.

तेव्हा ‘खेळणे की संगणक’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे. यंत्र म्हणून तो संगणक आहे, त्याबद्दल मुलांवर संशय घेऊ नका. घराचा संगणक तो तेव्हाच होईल, जेव्हा आजीलाही त्यावर हक्काने बसता येईल. रविवारी सकाळी कार्यालयात या. येताना मुलांना आणा, आणि आजीलाही आणा. यादी सगळ्यांसमोर बसून करू.

 गणपती बाप्पा मोरया!